जुनं गावठाण, नवं गाव : जीपीएस नोंदींची वही

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रकल्प काय आहे ते आधी लिहून ठेवतो. उद्या वही दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्याला अडायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक नुकते झोपलेले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूर ही नावं सगळ्या देशाला कळली. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली मिळून ५२ गावं जागेवरून उठवून दुसरीकडे वसवली गेली, हे आता आमच्या शाळेतल्या पोरांनाही नीट माहीत नाही. त्यांचा जन्म नव्या गावातला. जुनं गावठाण म्हणजे त्यांच्यासाठी शेळ्या चारायची जागा.

तिथं अजून बारवा आहेत, आड आहेत, मारुतीची, महादेवाची देवळं आहेत, कुठं वेशीची एक बाजू उभी आहे. त्यातल्या आठ गावांच्या जुन्या गावठाणातली प्रत्येक वास्तू जागेसह, फोटोसह आणि जाणत्या माणसांच्या तोंडच्या नावासह नोंदवायची, एवढंच काम. मी भूगोल शिकवतो. नववीची सहा पोरं-पोरी सोबत आहेत.

जागा नोंदवायला हातातला जीपीएस आहे. एका मित्राने दिला, साधारण २०११ चा. दोन पेन्सिल सेलवर चालतो, धुळीला आणि पाण्याला भीत नाही. पोरं म्हणाली, सर, मोबाइल आहे की. मोबाइल वापरणारच आहोत, फोटोसाठी. पण मार्चच्या उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, दुपारपर्यंत तो तापून बंद पडतो आणि जुन्या गावठाणात चार्जिंग कुठलं? सेल बदलले की हे यंत्र परत उभं राहतं.

आज शाळेच्या मैदानात सुरू केलं. बरेच दिवस पडून असल्याने उपग्रह पकडायला वेळ घेतला. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक आकाशातून उतरायला पूर्ण साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून घाई न करता ओट्यावर ठेवून दिलं. थोड्या वेळाने जागा आली. अचूकता ५ मीटर. छान.

मग एका पोरीने तारीख वाचली : २६ जून २००५. वार मात्र रविवारच.

१० फेब्रुवारी, सोमवार

तारखेचं कोडं सुटलं. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत बसवलाय. म्हणजे ० ते १०२३ एवढेच आठवडे मोजता येतात, मग परत शून्य. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली. पहिला फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये संपला, दुसरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. आपण कितव्या फेऱ्यात आहोत हे उपग्रह सांगत नाही, ते यंत्रातल्या सॉफ्टवेअरने ओळखायचं असतं. आमच्या यंत्राचं सॉफ्टवेअर दुसऱ्या फेऱ्यातच अडकलंय. १०२४ आठवडे म्हणजे ७१६८ दिवस. बरोबर तेवढेच दिवस मागे. आठवडे पूर्ण असल्यामुळे वार चुकत नाही आणि घड्याळाची वेळही चुकत नाही.

जागा काढायला आठवड्यातला नेमका क्षण लागतो, वर्ष लागत नाही. म्हणून जागा बरोबर येते. पण आमचे फोटो ट्रॅकशी, म्हणजे चाललेल्या वाटेच्या यंत्रातल्या नोंदीशी, वेळेवरून जुळवायचे आहेत. मोबाइलचा फोटो २०२५ चा आणि ट्रॅक २००५ चा, तर जुळणार कसं?

वर्गात फळ्यावर ७१६८ ला ७ ने भागून दाखवलं. पोरांना बाकी शून्य आल्याचा फार आनंद झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाव १. सकाळी साडेसातला निघालो. मुद्दाम यंत्रालाच गावाचा रस्ता विचारला. त्याच्या नकाशात काय आहे ते पोरांना दाखवायचं होतं.

सुरुवातीलाच अडलं. तुळजापूर-औसा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे, रुंद, मधोमध दुभाजक. यंत्राला तो जुनाच अरुंद रस्ता वाटतो. आपण उड्डाणपुलावर असताना ते आपल्याला शेतात दाखवतं आणि ‘रस्त्यावर या’ असा बाण फिरवत राहतं. सोलापूर-धुळे महामार्गाचा क्रमांक ५२ होऊन किती वर्षं झाली, यात अजून २११. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं ते त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. हे सगळं मी धरून चाललो होतो. रस्ते बदलतात, नावं बदलतात, २०११ च्या नकाशाकडून २०२५ ची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

पण पुढचं मला धरून चालता येईना. यंत्राने ‘गाव आलं’ म्हणून शिट्टी वाजवली तेव्हा आम्ही चिल्लारीच्या काटेरी झाडीत उभे होतो. समोर पांढऱ्या मातीचे ढिगारे, पडक्या भिंतींचे दगड, एका कोपऱ्यात चुलीचा जळका दगड. शेळ्या घेऊन बसलेले एक आजोबा उठून आले.

“कुणाकडं जायचं हाय सर?”

“गावात जायचंय आबा. हे यंत्र म्हणतंय हेच गाव.”

“गाव व्हतं हितं. आता तिकडं हाय, माळावर. तीन किलोमीटर लागतंय. हितं आता कुणीच ऱ्हात न्हाई.”

नकाशाच्या माहितीपानावर वर्ष २०११ आहे. भूकंपानंतर १८ वर्षांनी विकलेला, पैसे मोजून घेतलेला नकाशा. त्यात गाव मेलेल्या जागेवर आहे आणि माणसं जिथं राहतात त्या माळावर कोरी पांढरी जागा. एक रेघसुद्धा नाही. शाळा नाही, पाण्याची टाकी नाही, सरळ आखलेल्या गल्ल्या नाहीत. कारण ओळखायला कठीण नाही. भूकंपाआधीच्या मोजणीवर बेतलेले कागद कुणीतरी संगणकात चढवले आणि त्यावर नवं वर्ष छापलं. माळावर येऊन पाहिलं कुणी नाही.

मला राग आला तो याचा. जुना नकाशा जुना म्हणून विकला असता तर आमच्या कामाला तो सोन्यासारखा होता.

आबांनी बारव दाखवली. तिच्या नोंदीत एक गोष्ट शिकलो. तळाच्या पायरीवर उभं राहून पॉइंट घेतला तर अचूकता ५ वरून २२ मीटरवर गेली. चारही बाजूंनी दगडी भिंती, वर आभाळाचा चौकोन तेवढा उघडा. डोक्यावरचे दोन-तीन उपग्रह दिसतात, क्षितिजाकडचे दिसत नाहीत, काहींचे संदेश भिंतीवर आपटून उशिरा येतात. म्हणून बारवेचा पॉइंट नेहमी वरच्या काठावर, प्रवेशाच्या पायरीपाशी, पाच मिनिटं सरासरी घेऊन. आत उतरून फक्त पायऱ्या मोजायच्या. या बारवेच्या ३१, शेवटच्या दोन गाळात.

एकूण पॉइंट ९.

१९ फेब्रुवारी, बुधवार, शिवजयंतीची सुट्टी

मिरवणूक उरकून दुपारी सॉफ्टवेअर अद्ययावत करायला बसलो. संध्याकाळ झाली. झालं ते असं.

कंपनीच्या नव्या प्रोग्रामने यंत्र ओळखलंच नाही. मॉडेलचं नाव टाकलं तर ‘या उपकरणाला आता साहाय्य दिलं जात नाही’ एवढीच एक ओळ. जुना प्रोग्राम मिळाला, तो नव्या विंडोजवर चढेना. मग गावातल्या संगणक क्लासमधला जुना लॅपटॉप आणला. त्याची बॅटरी मेलेली, सरळ लाइटीवर चालणारा. यंत्राचं सॉफ्टवेअर चढताना लाइट गेली तर यंत्र कायमचं बसतं, म्हणून क्लासमध्येच, इन्व्हर्टरच्या प्लगला लावलं. केबलही जुन्या आखूड तोंडाची, ती मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या डब्यात सापडली. एवढं करून शेवटचं अपडेट चढलं. ते होतं २०१२ चं. यंत्र परत सुरू झालं, उपग्रह पकडले, तारीख आली ६ जुलै २००५.

नकाशाचं तर त्याहून वाईट. कार्डावरचा नकाशा विकत घेताना तो एकाच यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. मित्राच्या आधीच्या यंत्राचा पडदा फुटला, म्हणून त्याने हे दुसरं घेतलं होतं. पहिल्याच्या नावावर घेतलेला आणखी एक नकाशा कार्डावर आहे, पैसे भरलेले आहेत, पण तो या यंत्रात उघडत नाही. आणि कुलूप काढून द्या म्हणावं तर त्या उत्पादनाचं खातंच बंद झालंय.

यंत्राचा पडदा चांगला आहे. बटणं चांगली आहेत. उपग्रहांचा संदेश आजही फुकट आणि चोख येतो. १ मे २००० च्या रात्री अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून साध्या माणसालाही पाच-दहा मीटरची अचूकता मिळते. मराठवाड्यासारख्या उघड्या माळावर तर यंत्राला आभाळाची कमतरताच नाही. अशी धडधाकट वस्तू केवळ आतली माहिती कुजली म्हणून कचऱ्यात जावी, हे मला पटत नाही. आमच्याकडे नांगराचा फाळ झिजला तर लोहाराकडे नेऊन शेवटून घेतात, नांगर टाकून देत नाहीत.

तारखेचा उपाय सापडला : जीपीएसबॅबेल नावाचा मोफत प्रोग्राम. त्यात ट्रॅक ‘७१६८ दिवस पुढे सरकव’ अशी आज्ञा देता येते. रविवारच्या ट्रॅकवर करून पाहिलं. बारवेचा फोटो बरोबर बारवेवर येऊन बसला. आज एवढंच पदरात पडलं, पण ते महत्त्वाचं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

गाव २ आणि ३. आज जुना सरकारी टोपोशीट (भूभागाचा तपशीलवार नकाशा) सोबत होता, भूकंपाआधीच्या मोजणीचा, ५६ बी मालिकेतला, १ सेंटिमीटरला ५०० मीटर. यात जुनी गावठाणं आहेत, गाडीवाटा आहेत, विहिरींचे ठिपके आहेत. माझ्या लेखी हा कागद कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचा.

काल रात्री त्यावरून देवळांचे आणि विहिरींचे अक्षांश-रेखांश काढून यंत्रात भरले होते. आज चालत गेलो तर प्रत्येक पॉइंट चुकला. पहिला मारुती सापडला तो यंत्राने सांगितल्यापासून वायव्येला, सुमारे दीडशे मीटरवर. विहीर? तीही वायव्येला, तेवढीच लांब. तिसरी जागाही तशीच. एक पोरगी म्हणाली, “सर, चूक असती तर कुठंही झाली असती, ही एकाच बाजूला व्हायलीय.” तिचं बोलणं वहीत मुद्दाम लिहितो, कारण उत्तर तिथंच होतं.

पृथ्वी अगदी गोल नाही, चपटी आहे. ती किती चपटी आणि तिचा मध्य कुठे हे प्रत्येक नकाशाला आधी ठरवावं लागतं. भारताचे जुने टोपोशीट १८३० च्या एव्हरेस्टच्या मापावर बसवलेले. हेच ते जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचं नाव शिखराला दिलं. जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ या मापावर. आकडे तेच, पण पाया वेगळा. जुन्या कागदावरचे आकडे तसेच जीपीएसमध्ये भरले तर आमच्या भागात पॉइंट खऱ्या जागेच्या आग्नेयेला दीडशे मीटर जाऊन पडतो. टोपोशीटवर हे अंतर जेमतेम ३ मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकाएवढं. रानात मात्र मधे ओढा येतो.

२००५ च्या नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने लोकांसाठी काढलेले नवे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. ते वापरताना ही अडचण नाही. पण आम्हाला जुनं गाव हवंय आणि जुनं गाव जुन्याच कागदावर आहे.

यंत्राच्या सेटिंगमध्ये पाया बदलायची सोय आहे. त्यात भारतीय म्हणून बांगलादेश आणि थायलंडच्या नावाचे पर्याय मिळाले. बांगलादेशचा लावला. मारुती ९ मीटरवर आला. टोपोशीट हातात असताना हेच ठेवायचं आणि नोंद घेताना न विसरता परत डब्ल्यूजीएस ८४ करायचं. हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

आज नोंदी घ्यायचा विचार नव्हता, पण गाव ३ च्या जुन्या गावठाणात महादेवाची यात्रा असते म्हणून गेलो.

ओसाड म्हणून नोंदवलेली जागा ती हीच का, असं वाटावं एवढी माणसं. देवळाला चुना लावलेला, ओढ्याच्या बाजूने चिल्लारी तोडून वाट केलेली. पडक्या चौथऱ्यांवर सतरंज्या टाकून लोक बसलेले. नीट पाहिलं तर प्रत्येक घर आपापल्या जुन्या चौथऱ्यावर बसलं होतं. कुणाचं घर कुठं होतं, गल्ली कुठून जात होती, हे त्या बसण्यावरून दिसत होतं. शाबुदाण्याची खिचडी आणि केळी दिली. मी यंत्र काढलं नाही. फक्त वहीत बसण्याचा नकाशा काढला आणि घरांची आडनावं विचारून लिहिली. २३ चौथरे.

एका मावशींनी सांगितलेली गोष्ट लिहायलाच हवी. मागच्या पावसाळ्यात रात्री त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. गाडी बोलावली. चालक बाहेरच्या जिल्ह्यातला, नवा. त्याने नकाशात गावाचं नाव टाकलं आणि गाडी इथं, जुन्या गावठाणात आणून उभी केली. अंधार, चिखल, कुत्री. तो फोनवर म्हणतोय गावात आलोय, हे म्हणतायत आम्ही चौकात उभे आहोत, गाडी कुठाय? “आमी म्हनतो देवळापाशी या, तर त्यो म्हनतो देवळापाशीच उभा हाय. देऊळ हितंबी हाय अन् तितंबी हाय की.” अर्धा तास गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, नातू मावशींच्या मांडीवरच होता. पण तो अर्धा तास नकाशाने खाल्ला, हे मी विसरू शकत नाही.

आजपासून प्रकल्पात एक काम वाढवतो. जुन्या गावठाणासोबत नव्या गावाचीही नोंद घ्यायची : चौक, शाळा, आरोग्य उपकेंद्र, देऊळ, रस्त्याचे फाटे.

२ मार्च, रविवार

गाव ४. दोन गटांत काम. दुसऱ्या गटाचा आड संध्याकाळी संगणकावर पाहिला तर थेट तलावाच्या पाण्यात, सहाशे मीटर उत्तरेला. पोरांनी यंत्रावरून ‘५.५ मिनिटं’ वाचलं आणि वहीत ‘५ मिनिटं ५० सेकंद’ लिहिलं. साडेपाच मिनिटं म्हणजे ५ मिनिटं ३० सेकंद. २० सेकंदांचा फरक, अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटर. यापुढे सगळीकडे फक्त दशांश अंश, पाच घरांपर्यंत.

९ मार्च, रविवार

बाहेर गेलो नाही. नकाशा आपणच करायचा ठरवलं.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनी मिळून केलेला, सगळ्यांना खुला नकाशा. त्यावर आमची गावं उघडून पाहिली. दोन गावं नव्या जागी बरोबर होती, कुणीतरी अनोळखी माणसाने मनापासून काम केलेलं. बाकीची जुन्याच जागी ठिपका होऊन बसलेली. फरक हा की इथं दार बंद नाही. चूक दिसली की आपण दुरुस्त करू शकतो आणि ती दुरुस्ती कुठल्या यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेली राहत नाही.

पोरांनी ट्रॅक चढवले, गल्ल्या आखल्या. नियम एकच सांगितला : दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नकाशावरून बघून काही उतरवायचं नाही. आपण चाललो तेवढंच आणि गावातल्या माणसाने सांगितलं तेवढंच. नव्या गावाला मराठी नाव दिलं. जुन्या जागेचा ठिपका पुसला नाही. तो पुसावा असं एका पोराचं म्हणणं होतं, म्हणजे गाडी चुकणार नाही. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तिथं ‘जुनं गावठाण, वस्ती नाही’ अशी नोंद ठेवली. बारव तिथं आहे, यात्रा तिथं भरते. नाव काढून टाकलं तर तेही खोटंच ठरेल.

मग हा नकाशा यंत्राच्या साच्यात बसवून कार्डावर घातला. पहिलं कार्ड ३२ जीबीचं होतं, यंत्राने ते ओळखलं नाही. २ जीबीचं घातलं, घेतलं. देवनागरी नावांच्या जागी रिकामे चौकोन आले. यंत्राच्या पोटात मराठीची अक्षरंच नाहीत. नाइलाजाने नावं रोमन लिपीत बदलून पुन्हा घातली. कागदावर आणि खुल्या नकाशात मात्र मराठीच राहणार.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारून नऊला निघालो. गाव १, पहिल्या दिवशीचंच. या वेळी यंत्राने महामार्ग महामार्गासारखा दाखवला, फाट्यावर बरोबर वळवलं आणि माळावरच्या गावात, शाळेसमोर शिट्टी वाजवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शेळ्यावाल्या आबांना घेऊन जुन्या गावठाणात गेलो. यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही तळव्यांत धरलं, पडद्यावरचा बाण आपण चालतो तसा सरकतोय हे पाहिलं आणि विचारलं, “यात आमचं घर घालता यील का?”

त्यांनीच वाट दाखवली. मारुतीच्या देवळापासून पूर्वेला ४२ पावलं, मग पडक्या आडाच्या उजव्या अंगाने. चिल्लारीच्या फांद्या कोयत्याने बाजूला केल्या. खाली उंबऱ्याचा दगड जागेवरच होता, मधोमध झिजलेला. त्यांच्या घरची चार माणसं त्या रात्री इथं गेली. नावं त्यांनी सांगितली, मी कागदाच्या वहीत लिहिली आहेत, नकाशात घालायची नाहीत.

पॉइंट ४१. उंबरा, काळा दगड, पूर्वाभिमुख. सरासरी पाच मिनिटं, अचूकता ४ मीटर. पाया डब्ल्यूजीएस ८४, तपासला. यंत्राची तारीख १४ ऑगस्ट २००५, ७१६८ दिवस मिळवायचे.

पुढच्या रविवारी गाव ५. सेलच्या दोन जोड्या घ्यायच्या.